सतरा नंबरचं कनेक्शन

“मावशी, मोडेम हवाय की राउटर?”

काउंटरमागच्या विक्रेत्याने हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने पिशवीतली चिठ्ठी काढून डोळ्यांपासून लांब धरली. चिठ्ठीवर ‘घरातलं इंटरनेट’ एवढंच लिहिलं होतं. अक्षर तिचंच होतं, सकाळी कामावर निघता निघता खरडलेलं.

“घरी बसून एका बाईंशी बोलायचंय,” ती म्हणाली. “त्यांचं तोंड नीट दिसलं पाहिजे. मध्येच अडकायला नको.”

“मग राउटर. हा न्या. चार शिंगांचा आहे, भिंतीपलीकडेसुद्धा पोचतो.”

“केबलवर चालेल ना? आमच्याकडे केबलचं आहे.”

“सगळ्यावर चालतो,” असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

एरवी तिने आणखी चार प्रश्न विचारले असते. हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची ती प्रमुख होती आणि चादरीवरच्या डागाकडे बघून तो रक्ताचा की औषधाचा हे सांगणारी बाई अशी तिची ख्याती होती. पण त्या दिवशी मोठं यंत्र बंद पडलं होतं, आणि ओल्या चादरींचे पिळे हातांनी उपसून तिच्या खांद्यांत जीव उरला नव्हता. तिने खोकं पिशवीत टाकलं आणि वाट धरली.

खरं म्हणजे या वस्तूसाठी तिला कुणाला विचारायची गरज पडावी, हीच मोठी थट्टा होती. तिचा नवरा सव्वीस वर्षं केबल कंपनीत होता. वस्तीतल्या निम्म्या घरांतली वायर त्याने स्वतः खांबावर चढून ओढलेली. सगळे त्याला वायरकाका म्हणत. पण आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी कंपनीचा माणूस येऊन भिंतीजवळचं इंटरनेटचं यंत्र काढून घेऊन गेला. “माफ करा काका, हे कंपनीचं आहे,” म्हणाला. वायरचं टोक तेव्हापासून भिंतीतून बाहेर लोंबत होतं. गावाला उजेड देणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार, तो असा.

वाचा गेली म्हणजे अगदी सगळीच गेली असं नाही. एक शब्द राहिला होता. ‘उद्या’.

उभ्या आयुष्यात हा शब्द त्याने हजारदा वापरला असेल. “वायरकाका, टीव्ही दिसत नाही.” “उद्या येतो.” “वायरकाका, आमची लाइन कधी?” “उद्या नक्की.” झटक्याने बाकीचं सगळं धुऊन नेलं आणि हा एक शब्द तेवढा ठेवला. भूक लागली की उद्या. पाय दुखतो की उद्या. ती कामावरून आली की दारातच आनंदाने उद्या. सुरुवातीला दोघं हसायचे. मग हसणं थांबलं.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा त्याच्याकडून सराव करून घेत. पण त्यांचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि एक पाय ओढत चालणाऱ्या त्याला दोन बस बदलून नेणं काही जमेना. बाई म्हणाल्या, “आपण पडद्यावर करू. फक्त खंड पडू देऊ नका. पहिल्या वर्षात जे परत येतं, ते येतं.” दोनदा फोनवर करून पाहिलं. यांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, तिथे धड रेंज नाही. बाई ‘आ’ म्हणायला तोंड उघडायच्या आणि तशाच अडकून राहायच्या. तो बिचारा त्या उघड्या तोंडाकडे पाहत पाच-पाच मिनिटं आ वासून बसायचा. शेवटी बाईंनी जरा संकोचानेच सांगितलं, “गुरुवारी अकराला जमलं नाही, तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. रांग मोठी आहे हो.”

तिने राउटर घेतला तो सोमवार होता.

तिने घरी येऊन खोकं त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते गुडघ्यांत धरून डाव्या हाताने उघडलं, शिंगांकडे पाहिलंसुद्धा नाही, यंत्र सरळ उलटं केलं. मागची बाजू बघितली. आणि त्याचा चेहरा लाल झाला.

“उद्या!”

“काय झालं?”

“उद्या! उद्या, उद्या!” तो यंत्राच्या पाठीवर बोट आपटायला लागला.

“अहो, दुकानदार म्हणाला चालतो म्हणून—”

त्याने यंत्र पलंगावर भिरकावलं. ते उसळून जमिनीवर पडलं. आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, जे आठ महिने तिने दातांखाली धरून ठेवलं होतं.

“मग बोला ना! काय ते तोंडाने बोला! मला एकटीला सगळं कळलं पाहिजे होय? मी काय मनकवडी आहे?”

 ती जाऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. रडूही येईना. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

थोड्या वेळाने पाय ओढल्याचा आवाज आला. तो दारात उभा होता. काखोटीला ते यंत्र आणि डाव्या हातात भिंतीतल्या वायरचं टोक, जितकं ताणता येईल तितकं ताणलेलं. त्याने मानेने तिला जवळ बोलावलं. टोकाला आट्यांचं एक गोल पितळी बोंड होतं आणि मधोमध तांब्याची तार. त्याने ते बोंड यंत्राच्या पाठीवरच्या एकेका भोकाला लावून दाखवलं. सगळी भोकं चौकोनी. हे कुठेच बसेना.

“म्हणजे ही वायर याला जोडताच येत नाही,” ती सावकाश म्हणाली.

त्याने मान हलवली.

“वायरीतून येणारं पकडायला एक यंत्र, आणि घरभर पसरवायला दुसरं. आणि मी नुसतं पसरवणारं आणलं.”

“उद्या,” तो हळूच म्हणाला. शाबासकी द्यावी तसा.

“दोन्ही एकात मिळतं?”

त्याने जोरजोरात मान हलवली.

“मग उद्या तुम्हीच चला,” ती म्हणाली. “मी सुट्टी टाकते.”

तो दारातल्या दारात मागे सरकला. झटक्यानंतर दवाखाना सोडून तो कुठे गेला नव्हता. रस्त्यात लोक थांबवतात, ‘काय वायरकाका, बरं आहे ना’ विचारतात आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात. ते त्याला नको वाटे. पण मंगळवारी सकाळी ती उठली तेव्हा तो शर्ट चढवून बसला होता. बटणं एकाआड एक चुकलेली. खिशातून वायरचा वीतभर तुकडा डोकावत होता, टोकाला पितळी बोंड. कपाटातल्या जुन्या पेटीतून शोधून काढला असणार.

दुकानात विक्रेत्याने तिच्याकडेच पाहून विचारलं, “काय झालं मावशी? यांना काय हवंय?”

“त्यांनाच विचारा,” ती म्हणाली.

विक्रेता गोंधळला. तोवर वायरकाका फळ्यांपाशी पोचले होते. त्यांनी पहिलं मांडलेलं यंत्र उचललं, उलटं केलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. तिसऱ्याला पितळी तोंड होतं. त्याला खिशातला तुकडा फिरवून पाहिला, बसला. मग त्यांनी तिच्या पिशवीतून कंपनीची यादी ओढून काढली; तीही जुन्या पेटीतलीच, निघताना त्यांनीच पिशवीत टाकलेली. घरचं यंत्र विकत घ्यायचं तर ते या यादीतलं हवं, नाहीतर कंपनी जोडून देत नाही, अशी भानगड होती. बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं. यंत्र पुन्हा फळीवर.

“ते चांगलं आहे काका, सगळ्यात वेगवान,” विक्रेता म्हणाला.

वायरकाकांनी त्याच्यापुढे यादी धरली आणि नुसतं पाहत राहिले. नवीन माणसाने खांबावर उलट्या बाजूने शिडी लावली की ते असंच पाहत असत. विक्रेत्याने यादी वाचली, दोनदा वाचली. “खरंच की, हे नाही यात,” तो पुटपुटला. मग आपणहून वाकून अगदी खालच्या फळीवरचं, धूळ बसलेलं एक खोकं काढलं. “हे आहे. पण हे कुणी घेत नाही. शिंगं नाहीत ना, लोकांना वाटतं यात दम नाही.”

खोकं उघडलं. दोन्ही एकात, पाठीवर पितळी तोंड. तुकडा दोन वेढ्यांत घट्ट बसला.

विक्रेत्याने कालचं यंत्र परत घेतलं. त्याच्या कोपऱ्याला पोचा पडला होता. त्याने तो पाहिला आणि यंत्र तसंच आत ठेवून दिलं. पुढे एक म्हातारे गृहस्थ राउटर मागायला आले, तेव्हा त्याने आधी विचारलं, “तुमच्याकडे वायर कसली आहे?”

घरी आल्यावर नवऱ्याने तिला हात लावू दिला नाही. खुर्चीवर बसून, यंत्र दोन गुडघ्यांत पकडून, डाव्या हाताच्या चिमटीने त्याने बोंड फिरवलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा आटे धरले. आता कंपनीला फोन करून एवढंच सांगायचं होतं की बंद पडलेलं कनेक्शन या यंत्रावर सुरू करा.

बराच वेळ वाट पाहिल्यावर एक गोड आवाज आला. तिने सगळं सांगितलं.

“मॅडम, कनेक्शन सरांच्या नावावर आहे. सरांना फोन द्या. त्यांनी नाव आणि जन्मतारीख सांगितली की झालं.”

“त्यांना बोलता येत नाही हो. झटका आलाय.”

“समजू शकते मॅडम. पण आवाज त्यांचाच लागतो. रेकॉर्ड होतं ना. नुसतं नाव तरी सांगू द्या.”

तिने फोनचा आवाज मोठा करून त्याच्यासमोर धरला. त्याने ओठ ओले केले. मानेची शीर ताठ झाली. ओठ जुळले, उघडले, पुन्हा जुळले.

“उद्या,” तो म्हणाला.

“उद्या नको ना सर, आजच करून टाकू,” पलीकडचा आवाज लाघवीपणे म्हणाला. “नाव सांगता का?”

त्याने डोळे मिटले. “उद्या.”

तिने फोन परत घेतला. “ते तुमच्याच कंपनीत होते. सव्वीस वर्षं.”

“हो मॅडम, पण नियम आहे. मी एक सुचवू? तुमच्या नावावर नवीन कनेक्शन घ्या, दहा मिनिटांत सुरू होईल. फक्त एका पत्त्यावर दोन चालत नाहीत, जुनं कायमचं बंद करावं लागेल.”

“बंद करायला नाही लागत त्यांचा आवाज?”

“नाही मॅडम. सहा महिने वापर नसला की तशीही परवानगी लागत नाही.”

जुन्या कनेक्शनचा नंबर होता सतरा. नुसता सतरा. कंपनी सुरू झाली तेव्हा पहिले सोळा मालकाच्या सोयऱ्याधायऱ्यांना गेले आणि सतरावं याने स्वतः खांबावर चढून आपल्या घरी आणलं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती खाली शिडी धरून उभी होती आणि हा वरून ओरडत होता, “अगं, वर बघू नकोस, शिडी बघ!” पुढे लोकांचे नंबर नऊ आकडी झाले. हा मात्र नव्या लोकांना ऐटीत विचारायचा, “सांगा बघू, माझा नंबर किती?”

तिने फोनवर हात ठेवला आणि त्याला सगळं पुन्हा सांगितलं. खरं तर त्याने ऐकलं होतंच.

“तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार,” ती म्हणाली. “दुसरा काहीतरी मार्ग काढू.”

तो खिडकीकडे बघत बसला. मग लुळा उजवा हात डाव्याने उचलून त्याने मांडीवर नीट ठेवला.

“उद्या,” तो म्हणाला.

आठ महिन्यांत ती या एका शब्दाचे दहा-बारा अर्थ शिकली होती. हा नवा होता, पण समजायला कठीण नव्हता.

“करा बंद,” ती फोनमध्ये म्हणाली आणि स्वतःचं नाव सांगायला लागली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिचं पूर्ण नाव एकेक अक्षर करून विचारत होतं.

गुरुवारी अकराला बाई पडद्यावर आल्या. त्यांच्या कपाळावरची बारीक आठीसुद्धा दिसत होती. कामावर उशिरा येते म्हणून सांगून ती घरी थांबली होती. सुरू झालं की निघायचं म्हणून पायांत चप्पल घालून दाराशी उभी होती.

“अरे वा काका, छान दिसतंय!” बाई म्हणाल्या. “आज चित्रं नकोत. तुमच्याच घरातली एखादी वस्तू दाखवा मला. हवी ती. आणि तिचं नाव काढायचा प्रयत्न करू.”

त्याने फोन डाव्या हातात घेतला आणि उठला. आधी यंत्र दाखवलं. तिथे थांबला नाही. मागचं पितळी बोंड, मग वायर, भिंतीवरून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यातून खिडकीच्या चौकटीवर. पाय ओढत तो वायरीच्या कडेकडेने चालला होता. खिडकीशी येऊन त्याने हात बाहेर काढला आणि फोन समोरच्या खांबाकडे रोखला. त्याचे ओठ जुळत होते, उघडत होते. शब्द येत नव्हता. बाई वाट बघत राहिल्या.

तो शब्द तिच्या जिभेवर होता. तिने तो गिळला.

पलीकडच्या रस्त्यावर तिची बस येऊन थांबली आणि निघून गेली. फोन धरलेला त्याचा हात आता खाली यायला लागला होता, तरी तो मागे घेईना. तिने दाराशीच चप्पल काढली, खिडकीपाशी गेली आणि त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरला.