अक्सोरियस

“सर, तुमचा हंडा म्होरं सरकवा, न्हाईतर छबूबाई मदीच घुसंल,” गोजरबाई म्हणाली.

नेवासकर सरांनी हंडा पायानेच पुढे ढकलला. हातात इंग्रजीचं पुस्तक होतं. बहात्तरचा दुष्काळ. सोनईतल्या विहिरी दिवाळीआधीच तळाला गेल्या होत्या आणि टँकर यायचा तो आमच्या शाळेसमोरच. रांगेत सगळ्या बायका, आणि त्यांत कोट घातलेला हा एकच पुरुष.

“आन् बाईंस्नी सांगा, आमच्या विजूला पाचवा म्हैना लागलाय.”

“सांगतो,” सर म्हणाले.

बाई म्हणजे सरांची बायको, पुष्पावतीबाई. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. नगरच्या डॉक्टरांनी भरलेली कळशी सोडाच, उंबरा ओलांडायलाही मनाई केली होती. घरात दुसरं कुणी नाही. तेव्हापासून पाणी सर आणत. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि व्हरांड्यातून हे रोज पाहायचो.

त्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी जीपमधून आले. पुण्यात शिकलेले, आणि ते सगळ्यांना माहीत असावं अशी त्यांची इच्छा असे. स्टाफरूममध्ये चहा घेता घेता त्यांनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, “अक्सोरियस!”

हेडमास्तर हसले, म्हणून सगळे हसले. अर्थ एकालाही ठाऊक नव्हता. मी हसलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मला हसायला आधी काहीतरी कळावं लागतं. सर तेवढ्यात ओल्या बाहीने दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं आणि तास घ्यायला निघून गेले.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, “काय हो म्हणाला तो?”

सरांना अर्थ माहीत होता. तरी कपाटातली जाडजूड डिक्शनरी काढून त्यांनी पान उघडलं. “लॅटिनमध्ये उक्सोर म्हणजे बायको. त्यावरून आलाय शब्द. बायकोवर वाजवीपेक्षा जास्त प्रेम करणारा.”

“म्हणजे आपला बाईलवेडा.”

“जवळपास.”

“पण वाजवी किती, ते कुणी ठरवायचं?”

“ते यात दिलेलं नाही,” सर म्हणाले आणि डिक्शनरी परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. मी तिथेच फळ्यावर सुविचार लिहीत होतो. “जूनमध्ये मी निवृत्त होतोय. माझ्यानंतर तुमचाच नंबर. पण सेक्रेटरींना ते रांगेचं पसंत नाही. शाळेची शोभा जाते म्हणतात. एक गडी लावा पाण्याला, विषय संपला.”

सरांना ती खुर्ची हवी होती. हवी म्हणजे मनापासून हवी होती. हेडमास्तर झालो की पाचवीचं इंग्रजी आधी स्वतःकडे घेईन, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पाठ झालं होतं.

संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. पुष्पावतीबाई पलंगावर लोडाला टेकून बसल्या होत्या. सरांनी आधी विजूचा पाचवा महिना सांगितला, मग छबूबाई आणि तिच्या सुनेचं भांडण, दोघींचे आवाज काढून. मग तो शब्द सांगितला, अर्थासकट. बाई दम लागेपर्यंत हसल्या.

“अहो, मग ठेवा की गडी,” श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या. “कुणीही आणलं तरी पाणी ते पाणीच.”

“आणि छबूबाईच्या सुनेचं पुढे काय झालं, ते गडी सांगणार आहे का तुला?”

बाईंनी थोडा विचार केला. दुखणं येण्याआधी पाणवठ्यावर अख्ख्या आळीचा न्यायनिवाडा त्याच करत. “तेही खरंच,” त्या म्हणाल्या. “गोजरबाईला म्हणावं, विजूला जड उचलू देऊ नको.”

गडी काही आला नाही. सर रांगेत उभे राहत राहिले.

फाल्गुनात पुष्पावतीबाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

तेराव्याला हेडमास्तर जेवायला आले. माणूस दुष्ट नव्हता. बोलायचं कधी, एवढंच त्याला कळत नसे. हात धुता धुता म्हणाले, “वाईट झालं. पण आता तुमची ती अडचणही राहिली नाही. सेक्रेटरींना नाव कळवतो तुमचं.”

सरांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. मला त्या वेळी फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आपण आणून द्यावं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तर दाराला कडी. ते केव्हाच रांगेत होते. मी त्यांच्या ओसरीवरची कळशी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. कान तापले होते. शाळेच्या व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते. सरांनीही त्यांना पाहिलं आणि ते रांगेतच उभे राहिले. जूनमध्ये त्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं.

सरांच्या हंड्याची जागा बायकांनी तेरा दिवस दगड ठेवून राखली होती. हंडा भरत आला तशी गोजरबाई पुढे झाली.

“सर, विजू बाळंत झाली. पोरगी हाय. बाईंस्नी सां...”

तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

सरांनी हंडा उचलून खांद्यावर घेतला.

“सांगतो,” ते म्हणाले.