पिवळ्यानंतरचं हिरवं पान

मारिबेल मेकअप करते. तिची युनियन वेगळी आणि ती संपावर नाही, म्हणून ती रोज सकाळी मान खाली घालून बरबँकच्या स्टुडिओत आमच्या दोन नंबरच्या फाटकातून आत जाते आणि आम्ही लेखक तिला काही बोलत नाही. त्या गुरुवारी मात्र ती दुपारच्या सुट्टीत बाहेर आली, फाटकावरच्या आमच्या प्रमुख बर्नाडेट ओकाम्पोच्या हातात एक घडी केलेला कागद कोंबला आणि म्हणाली, "बाई, आत हे असं चाललंय. माझं नाव तेवढं घेऊ नका."

कागद हिरवा होता.

आमच्याकडे स्क्रिप्टचा रंग ठरलेला असतो. पहिली पांढरी. मग बदललेली पानं निळी, पुढच्या वेळी गुलाबी, मग पिवळी, मग हिरवी. नोव्हेंबरात संप सुरू झाला, आम्ही लेखण्या खाली ठेवल्या, तेव्हा आमच्या मालिकेचा चालू भाग पिवळ्यावर होता. आता डिसेंबर उजाडला होता. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी घरात बसून लिहिलं होतं. शहाणं माणूस असतं तर चोरीचा माल मुकाट्याने पांढऱ्यावर छापायला सांगितलं असतं. या दिवट्याने पानाच्या डोक्यावर नीट टाइप केलं होतं, 'हिरवी दुरुस्ती'.

चोरी करतानाही इतका नेटका राहणारा माणूस मला एकच माहीत होता. तो माझ्या शेजारी संपाची पाटी खांद्यावर टाकून उभा होता.

वेंडेल हॉफस्टेड आणि मी, ग्वेन टॅलबर्ट, एकोणीस वर्षं जोडीने लिहितोय. जोडीला पगार एकाच माणसाचा मिळतो. तो निम्मा त्याचा, निम्मा माझा. भाग पुन्हा दाखवला की येणारा चेकही निम्मा-निम्मा. डीव्हीडी विकली की लेखकाला साधारण चार सेंट मिळतात, त्यातले दोन माझे. हसू नका, या चार सेंटांपायीच आम्ही रस्त्यावर आलो होतो. व्हिडिओ कॅसेट नवी होती तेव्हा कंपन्या म्हणाल्या, धंदा अजून रांगतोय, सध्या थोडक्यात भागवा. आमच्या आधीच्यांनी भागवलं. धंदा धावायला लागला, दर मात्र तिथेच राहिला. आता लोक संगणकावर भाग उतरवून घ्यायला लागले, तर पुन्हा तेच गाणं, धंदा नवा आहे, चार सेंटच घ्या. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, यावेळी ताकही फुंकून पिणार होतो.

आणि वेंडेल घरी बसून कंपनीसाठी लिहीत होता.

"वेंडेल, इकडे ये," बर्नाडेटने हाक मारली. "तुझा आवाज खणखणीत आहे. वाच सगळ्यांना. आपण लिहिणारी माणसं, लिखाणावरून ओळखू कोण आहे हा हरामखोर."

"मीच कशाला?" वेंडेल म्हणाला. "मला चष्मा..."

"चष्मा डोक्यावर आहे तुझ्या."

लोक हसले. पाट्या खाली टेकवून, डोनट चघळत सगळे जवळ सरकले. कुणीतरी म्हणालं, "दोन डॉलर लावतो, फॉक्स वाहिनीचा तो टकल्याच असणार." माझी मात्र पाचावर धारण बसली होती. आम्हाला या गावात कुणी वेगवेगळं ओळखत नाही. वेंडेल-ग्वेन असं एका दमात म्हणतात. तो संपफोड्या ठरला तर मीही ठरणार आणि मग आम्हाला जन्मात कुणी कामाला बोलावणार नव्हतं.

वेंडेलने वाचायला सुरुवात केली. डायलिसिसच्या खुर्चीतली म्हातारी छताचे चौकोन मोजतेय. तरुण डॉक्टरला ती 'सोन्या' म्हणते. ती म्हातारी नव्हतीच, ती आर्डिथ होती, वेंडेलची बायको. ऑगस्टपासून तिच्या शेजारी बसून मीही कितीदा ते चौकोन मोजले होते. काम थांबलं की काही महिन्यांत विमा थांबतो, आणि विमा थांबला की ती खुर्चीही. त्याने का लिहिलं ते मला तिथेच कळलं. राग आला, भयंकर आला, पण राग धरायला जागाच उरली नाही.

वेंडेल छान वाचत होता, गाढव! हसणारे आणखी जवळ सरकले. पानाच्या तळाशी म्हातारी विचारते, "सोन्या, खरं सांग, मी मरणार का रे?"

पान तिथे संपलं. आणि वेंडेल थांबला नाही.

"आज नाही," तो डॉक्टरच्या आवाजात म्हणाला. "आज मंगळवार. मंगळवारी इथलं सूप बरं असतं."

अधुरा प्रसंग सोडवत नाही आम्हाला. सवयच तशी.

बर्नाडेटने त्याच्या हातातून कागद घेतला. उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. कुंपणाशी उभ्या असलेल्या मारिबेलने तोंडावर हात दाबला. सकाळीच सेटवर तिने ते वाक्य शब्दन् शब्द ऐकलं असणार.

वेंडेलचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"ग्वेन," बर्नाडेट माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली. तिला मला वाचवायचं होतं, हे दिसत होतं. "तुला हे माहीत नव्हतं ना?"

नव्हतं. देवाशपथ नव्हतं. एका 'नाही'चं काम होतं आणि ते खरंही होतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी फार घाबरट बाई आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. घरात साधी खारूताई शिरली तरी मी वेंडेलला फोन करते आणि तो शिव्या देत येतो.

"सूपवालं वाक्य माझं आहे," मी म्हणाले. "म्हातारी त्याची. आमचं सगळं निम्मं-निम्मं असतं."

"ग्वेन, मूर्खपणा करू नकोस. युनियनमधून नाव काढून टाकतील तुझं."

"निम्मं त्याचं, निम्मं माझं. एकोणीस वर्षं असंच आहे."

बर्नाडेटने कागदाची घडी करून खिशात घातली. "मंगळवारी समिती बसते," ती म्हणाली. "दोघंही या. मी तिथे तुमच्या बाजूने बोलणार नाही."

लोक पांगले. माझ्याकडे बघायचं टाळत एकेक जण पुन्हा रांगेत जाऊन चालायला लागला. डोनटचा खोका कुणीतरी उचलून पलीकडे नेला. मी सरळ फुटपाथच्या कडेवर बसले. वेंडेलही शेजारी येऊन बसला.

"तू असं का केलंस?" तो म्हणाला.

"गप्प बस. हिरव्यावर कोण छापतं रे? हिरव्यावर?"

तो हसला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ग्वेन," तो म्हणाला, "खरं सांग. संपलो का गं आपण?"

"आज नाही," मी म्हणाले, आणि त्याची पाटी त्याच्या हातात दिली.