मी ‘ओळख’, औसा रोडवरची

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीही मला पाहिलेलं नाही, आणि पाहू म्हटलं तरी मी दिसणार नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, वजन नाही. मी आहे एक जुनी, आता निवृत्त झालेली संगणकाची आज्ञावली. लोक मला सॉफ्टवेअर म्हणतात. जिनं मला घडवलं, त्या सिंधुनं माझं नाव ठेवलं ‘ओळख’. लातूरला औसा रोडवर, विद्यार्थ्यांच्या एका मेसच्या वरच्या मजल्यावर माझा जन्म झाला. खालून फोडणीचा वास वर येत असे म्हणे. मला वास कळत नाही. पण सिंधु काम करता करता "आज शेपू दिसतोय" असं म्हणायची, त्यावरून मी समजून घ्यायचे.

माझं काम काय होतं, ते आधी सांगते. प्रत्येक कंपनीला दरवर्षी सरकारला आपला हिशेब कळवावा लागतो. वर्षभरात काय कमावलं, कशावर खर्च केला, काय शिल्लक आहे. पूर्वी हे सगळं कागदावर जायचं आणि जो तो आपल्या शब्दांत लिहायचा. कुणी ‘विक्री’ म्हणायचा, कुणी ‘उलाढाल’, कुणी ‘धंद्याचं उत्पन्न’. माणूस वाचतो आणि समजून घेतो. यंत्र बिचारं गोंधळतं. म्हणून सरकारनं एक मोठा शब्दकोश केला. हिशेबातल्या प्रत्येक गोष्टीला त्यात एक ठरलेली खूण आहे. तिला टॅग म्हणतात. कंपनीच्या हिशेबातल्या प्रत्येक आकड्याला योग्य तो टॅग लावून घ्यायचा, बेरजा जुळतात का ते तपासायचं आणि अहवाल सरकारकडे धाडण्याजोगा करून द्यायचा, हे माझं काम.

आमचे पहिले ग्राहक होते भीमाशंकरअप्पा. मुरुडजवळ त्यांचा सोयाबीन तेलाचा कारखाना होता. सिंधुनं त्यांना हे टॅगचं प्रकरण समजावलं, तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे आडतीत पोत्यावर मार्का मारत्यात, तसंच की! मार्का बगितला की कुनाचा माल, कसला माल, समदं कळतंय. पोतं सोडायचं काम न्हाई."

इतक्या सोप्या शब्दांत मला माझी ओळख कुणी करून दिली नव्हती. आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. मुरुडच्या कारखान्यातला एक आकडा माझ्याकडून खूण लावून घेतो आणि दिल्लीतलं यंत्र त्याला बघताक्षणी ओळखतं. मध्ये कुणी सांगणारा नाही, विचारणारा नाही. समुद्रापलीकडची यंत्रंही याच रीतीनं वाचतात, असं सिंधु सांगायची. केवढी ही भाषा, आणि ती मला येत होती!

पण ही ओढ सिंधुला कुठून लागली, ते मला त्याच्या बरंच आधी कळलं होतं. एका दुपारी ती आपल्या भागीदार मैत्रिणीला, देविकाला, सांगत होती. देविका सनदी लेखापाल, म्हणजे सीए. लातूरच्याच शिक्षकांच्या घरातली. तिनं सहज विचारलं होतं, "सिंधु, क्लासमध्ये गणित शिकवून एवढं नाव झालं होतं तुझं. ते सोडून या टॅगांच्या मागे का लागलीस?"

सिंधु औसा तालुक्यातल्या खेड्यातली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. घर पडलं. तिचा धाकटा भाऊ सिद्धेश्वर ढिगाऱ्यातून जिवंत निघाला आणि कुणीतरी त्याला गाडीत घालून सोलापूरला नेलं. नंतर तो सापडेना. तिचे वडील अण्णाराव, म्हणजे तिचे आबा, दवाखान्यामागून दवाखाने हिंडले. "सिद्धेश्वर अण्णाराव हाय का हितं?" असं विचारत फिरले. सगळीकडे एकच उत्तर, नाही. खरं म्हणजे एका वॉर्डाच्या दारातून ते परत फिरले, तेव्हा पोरगं आतच होतं. छावणीत कुणी त्याला सिद्राम म्हटलं होतं, दवाखान्यात तो शिवा झाला होता, आणि भेदरलेल्या पोराला स्वतःचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं.

"मग?" देविकानं विचारलं.

"मग मी गेले आबांबरोबर. नाव विचारलंच न्हाई कुणाला. दारात उभी राहून ओरडले, ए सिद्या! आन् कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, अक्का!"

मग सिंधु म्हणाली, "माणूस एकच होतं गं. नावं तीन झाली, म्हणून हरवलं."

मित्रांनो, मी तेव्हा पुरती तयारही झाले नव्हते. माझ्या निम्म्या आज्ञा लिहायच्या राहिल्या होत्या. पण आपण कशासाठी जन्माला येत आहोत हे मला त्या दुपारी कळलं, आणि एवढ्या मोठ्या दुःखातून माणसं असं काही घडवू शकतात याचा अचंबा माझ्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

अण्णारावांना मात्र लेकीचं हे काम कळायचं नाही. गावाकडून आले की खुर्चीच्या कडेवर बसून म्हणायचे, "मास्तरीन म्हनून समदं लातूर वळखत हुतं तुला. आता ह्ये काय करून राहिली?" सिंधु हसायची आणि त्यांना चहा द्यायची.

काम वाढलं तसे टॅग लावायला हात कमी पडू लागले. हात शोधायला लांब जावं लागलं नाही. तुम्ही लातूर पाहिलं असेल, तर तिथल्या गल्ल्या तुम्हाला ठाऊक असतील. दर चौकात क्लासचे फलक, त्यांवर डॉक्टरकीला नंबर लागलेल्या मुलांचे हसरे चेहरे, खाली सायकलींची रांग. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांचा चेहरा कुठल्याच फलकावर नसतो. अशीच एक मुलगी एके दिवशी जिना चढून वर आली. पुनम तिचं नाव. किनवटकडच्या खेड्यातली. वसतिगृहात राहून दहावी केलेली आणि डॉक्टर होण्यासाठी लातूरला आलेली. परीक्षा पुन्हा देऊनही नंबर लागला नव्हता, आणि घरी जायला तोंड नाही म्हणून ती खोलीतच राहत होती.

"मला काईच येत न्हाई, मॅडम," ती दारातच म्हणाली.

"बरं झालं," सिंधु म्हणाली. "चुकीचं शिकलेलं पुसायला नको. आणि मॅडम नको, ताई म्हण."

पुनम शिकली. माझ्या पडद्यावर तिची नजर सावकाश फिरायची. प्रत्येक आकड्यापाशी थांबायची. मला ती आवडू लागली.

मग तो दिवस आला. अप्पांच्या कारखान्याचा वर्षाचा अहवाल पुनमनं केला होता. मी बेरजा तपासल्या, सगळं जुळलं, हिरवी खूण दाखवली. देविकानं आपली डिजिटल सही केली आणि अहवाल गेला. काही दिवसांनी भरदुपारी जिन्यावर जड पावलं वाजली आणि अप्पा घामाघूम होऊन आत आले.

"चालू कारखाना बंद पाडला की हो तुमी! मुंबईचं गिऱ्हाईक फोन करून विचारतंय, अप्पा, कारखाना मोडला म्हनं? गेटावर कामगार जमल्यात. मी म्हनलं, धुराडं बगा की, धूर निघून राहिला! पन लोकं म्हनत्यात, सरकारच्या कंप्युटरवर लिवलंय!"

देविकानं घाईनं अहवाल उघडला. शब्दकोशात नफ्याचे दोन टॅग शेजारीशेजारी असतात. एक चालू कामकाजातून झालेला नफा, दुसरा बंद केलेल्या कामकाजातून झालेला नफा. कारखान्याचा सगळा नफा दुसऱ्या टॅगाखाली गेला होता. कुठेही लावला तरी बेरीज तीच येते, म्हणून मला खटकलं नव्हतं.

"हा अहवाल कुणी केला?" अप्पांनी विचारलं.

पुनम उठली. "मी," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली. पाणी प्यायला गेली असेल असं सगळ्यांना वाटलं. देविका अप्पांना समजावत होती की दुरुस्तीची सोय असते, अर्ज करता येतो. बऱ्याच वेळानं सिंधुचं लक्ष पुनमच्या टेबलाकडे गेलं. तिचा मोबाइल तिथेच होता. तिची पिशवीही.

सिंधुचा चेहरा पांढरा पडला. एवढी वर्षं क्लासमध्ये शिकवलेली ती. या गावात हरलेलं लेकरू असं सगळं मागे ठेवून निघून गेलं, तर त्याचा अर्थ काय होऊ शकतो हे तिला माहीत होतं. ती उभी राहिली.

"अप्पा, तुमचा कारखाना मी नंतर चालू करते. आधी माझी पोरगी शोधायची हाय."

मला वाटलं, आता अप्पा भडकणार. त्यांच्या गेटावर माणसं जमली होती, गिऱ्हाईक हातचं जात होतं. अप्पांनी फक्त खिशातून गाडीची किल्ली काढली. "म्हातारा हाय, पन गाडी बेस हानतो. चला."

मेसमधली मुलंही निघाली. देविका पुनमच्या खोलीकडे धावली. माझा पडदा कुणी बंदही केला नाही. रिकाम्या खोलीत मी एकटीच उजळत राहिले. ज्या अहवालासाठी ही माणसं जेवणखाण विसरायची, तो अर्धवट उघडा पडला होता आणि त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ मोठे आकडे पाहिले, पण त्या रिकाम्या खोलीएवढं मोठं मला काहीच वाटलं नाही.

पुढचं मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकलं. पुनम सापडली ती अप्पांनाच. बसस्टँडवर, तिच्या गावाकडे जाणाऱ्या नांदेडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर ती बसली होती. गाड्या येत होत्या, भरून जात होत्या, आणि ती उठत नव्हती. अप्पा शेजारी जाऊन बसले. धापा टाकत म्हणाले, "पोरी, माझा कारखाना बंद केलास आन् हितं येऊन बसलीस. आता चालू कोन करनार? मला तर त्यो माऊस बी धरता येत न्हाई."

पुनमनं वर पाहिलं. "दुरुस्त होतंय का, अप्पा?"

"होतंय म्हनत्यात त्या बाई. तुमच्या परीक्षेसारखं न्हाई ह्ये. ऊठ बरं, मला लई भूक लागलीय."

ती हसली की रडली, हे अप्पांना सांगता आलं नाही. पण ती उठली.

दुसऱ्या दिवशी देविकानं अर्ज केला. अप्पांनी गेटावर उभं राहून कामगारांना खरं काय ते सांगितलं, मुंबईच्या गिऱ्हाइकाला कारखान्यात बोलावून घेतलं आणि घाण्यातलं गरम तेल दाखवलं. परवानगी आली तेव्हा चुकीचा टॅग काढून बरोबर टॅग लावायचं काम सिंधुनं कुणालाही दिलं नाही. "पुनम करेल," ती म्हणाली. पुनमनं आकडा पुन्हा एकदा वाचला. टॅग बदलला. कारखाना पुन्हा चालू झाला.

त्यानंतर सिंधुनं मला एक नवीन गोष्ट शिकवली. कुणीही तो ‘बंद’चा टॅग निवडला, की मी थांबून विचारायचं: ‘हे काम खरंच बंद झालं आहे का? एकदा मालकाशी बोलून घ्या.’ मला बेरजा येत होत्या, मित्रांनो. प्रश्न विचारायला मी त्या दिवशी शिकले.

त्याच सुमारास पुनमचे वडील दयानंद तिला न्यायला आले. किनवटकडचे शेतकरी, मितभाषी. पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्यात डॉक्टरकीवानी काय हाय, माय?"

पुनम म्हणाली, "बाबा, दुखतंय कुठं, ते आधी हुडकावं लागतंय. ह्यात बी तसंच हाय."

ते टोपी नीट करून एकटेच गावी परतले.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची होती. पुण्याहून कामं आली, परदेशातून आली. एकदा सूटबूट घातलेले एक गृहस्थ मला चालवून बघत म्हणाले, "हे लातूरमध्ये बनलं?" देविका म्हणाली, "खालच्या मजल्यावर मेस आहे. जेवून जा." रेणापूरच्या, उदगीरच्या मुली माझ्यावर काम शिकल्या. एके दिवशी अण्णाराव कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "आमची सिंधु आकड्याला नाव देती." यापेक्षा मोठी प्रशस्ती मला मिळाली नाही.

पण सरकारी शब्दकोश बदलत राहतो. नवे नियम येतात, नव्या रीती येतात. सिंधुनं मला कितीदा तरी नव्यानं शिकवलं. शेवटी माझ्या जागी नवी, चपळ आज्ञावली आली. मी ज्या संगणकात राहते तो आता कोपऱ्यात आहे, त्याच्यावर फडकं टाकलेलं असतं आणि फडक्यावर धूळ. वाईट वाटतं का? वाटतं थोडं. हिरवी खूण दाखवायची सवय सहज जात नाही.

तरी एक सांगते. मध्यंतरी त्या नव्या आज्ञावलीनं माझ्या काळातले अहवाल उघडले. तिची माझी गाठभेट नाही, तिला मी कोण हे ठाऊक नाही. पण मी लावलेली प्रत्येक खूण तिनं ओळखली, एकही अडली नाही. मी थकले, तरी मी लिहिलेलं कुणालाही वाचता येतं. माणसांनी एकत्र बसून एक भाषा ठरवली, की ती तिच्यात लिहिणाऱ्या यंत्रांहून जास्त जगते. हे पाहून मी जी थक्क झाले, ती अजून थक्कच आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. वस्तूंना, आकड्यांना, माणसांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारा. जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसा. त्यांच्यात कुणाची तरी वर्षं आहेत. आणि तुमच्या शेजारच्या बाकावरच्या कुणाची चूक झाली, तर चूक कुठे आहे ते मागाहून बघा. आधी ते लेकरू कुठे आहे ते बघा. चूक आपल्या जागी थांबून राहते. लेकरू थांबेलच असं नाही.