पाच वर्षांचा अनुभव

फॉर्ममध्ये विचारलं होतं, वाऱ्यात कयाक चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा? मी पाच लिहिलं. खाली दुसरा प्रश्न होता, बोट उलटली तर आत बसल्या बसल्या सरळ करता येते का? मी 'हो'वर खूण केली.

खरं तर मी पानशेतच्या तलावात दोनदा वल्हं हातात धरलं होतं. पण असे फॉर्म भरायची मला सवय होती. पुण्यात पहिल्या नोकरीत विनायक सर म्हणाले होते, "येतं म्हणून लिही रे. सोमवारपर्यंत शिकून टाकू." त्याच जोरावर वीस वर्षं प्रोजेक्ट मिळवले, टोकियोपर्यंत आलो. दर वेळी सोमवारपर्यंत शिकलोही.

पाच वर्षं होती ती रेखाची. माझी बायको. दर जानेवारीत ती टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कसाईहून एकटी निघायची आणि ट्रेन, मग बस करून इझू द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर हिराता-सान नावाच्या गाइडकडे कयाकला जायची. तिथे समुद्रातल्या एका सुळक्याच्या पलीकडे गुहा आहे. हिवाळ्यात दुपारचं ऊन तिरपं आत शिरतं आणि पाणी खालून उजळतं, असं तिने हिराता-सानकडून ऐकलं होतं. त्या गुहेकडे ती तीनदा निघाली आणि तिन्ही वेळा सुळक्यापासून परत आली. तिसऱ्यांदा मी जेवताना म्हणालो, "परत अर्ध्यातून? समुद्रात जातेस की बसस्टॉपवर?" ती हसली आणि मला आमटी वाढली. त्याच वर्षी आजार कळला. मागच्या एप्रिलमध्ये ती गेली.

ती गुहा आपण तरी बघायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमची मुलगी कादंबरी ओसाकाला शिकते. तिला फोनवर सांगितलं.

"बाबा, तू स्विमिंग पूलमध्ये नाक धरून उतरतोस."

"लाइफ जॅकेट असतं गं."

"मग मी येते बरोबर."

"तुझी परीक्षा आहे," म्हणालो आणि फोन ठेवला.

हिराता-सान साठीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. मी गेलो त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. मी डोक्याला रेखाची लोकरीची टोपी घातली होती. सुळक्यापाशी त्या थांबल्या. पश्चिमेला पाण्यावर पांढरी रेघ दिसत होती.

"वारा येतोय. फिरू या."

"मला जमेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गुणवंत-सान, फॉर्ममध्ये पाच वर्षं आहेत. पण तुम्ही नुसत्या हातांनी वल्हवताय. कंबर वळतच नाही."

"भारतात असंच शिकवतात," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. "रेखा-सानसाठी दहा मिनिटं. गुहेच्या तोंडापर्यंत. मग लगेच परत."

सुळका ओलांडला आणि वारा अंगावर आला. कड्यावर आपटून परतणाऱ्या लाटा एकीकडून, समुद्राच्या दुसरीकडून. मी उलटलो. डोकं खाली, नाकातोंडात बर्फासारखं पाणी. काय करायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. हिराता-साननी मला ओढून बाहेर काढलं आणि परत बोटीवर चढवलं. चढवताना दोन बोटींच्या मध्ये त्यांचं मनगट सापडलं. त्यांचा हात कामातून गेला. त्यांनी एका हाताने वायरलेसवर मदत मागितली.

त्या वाऱ्यात बंदरातल्या सगळ्या होड्या बांधलेल्या होत्या. एक म्हातारा कोळी आणि त्याची बायको आपली होडी सोडून आमच्यासाठी आले.

दुसऱ्या दिवशी हिराता-सान प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी उतरलो होतो त्या खोलीवर आल्या. दुसऱ्या हातात मिठाईचा डबा होता.

"इथे अशा वेळी दारात जाऊन माफी मागतात," त्या म्हणाल्या. "मी बोलते. तुम्ही फक्त वाका."

वाटेत मी घाबरलो होतो, की या आता सगळं सांगणार. कोळ्याच्या दारात त्या कमरेत वाकल्या, माझ्यापेक्षा खाली. प्लास्टरचा हात लोंबकळत होता.

"माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. "पाहुण्याला पारखायला मी कमी पडले. तुमचा जीव धोक्यात घातला."

"तुमचा अंदाज?" कोळीण म्हणाली. "तीस वर्षांत तर कधी चुकला नाही."

हिराता-सान वाकलेल्याच राहिल्या. मी त्यांच्या शेजारी वाकून त्यांच्या रबरी बुटांकडे बघत होतो. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच संपलं असतं. डबा दिला असता, चहा झाला असता, बस होती साडेअकराची.

"अंदाज यांचा नाही चुकला," मी म्हणालो. "मी फॉर्मवर खोटं लिहिलं. मला यातलं काही येत नाही."

मग म्हातारा म्हणाला, "ते आम्हाला ओढून घेतानाच कळलं. वल्हं सोडून दिलं होतंत आणि टोपी गच्च धरून बसला होतात."

त्याने डबा घेतला. चहाला काही बोलावलं नाही.

परतताना मी हिराता-सानना विचारलं, "रेखा तिन्ही वेळा वाऱ्यामुळेच परतली ना?"

"पहिल्यांदा वारा होता. नंतर दोन्ही वेळा हवा छान होती." त्या चालत राहिल्या. "गटात कुणीतरी घाबरलेलं असतं, पण लाजेने बोलत नाही. रेखा-सानना ते माझ्याआधी कळायचं. मग त्या म्हणायच्या, माझा खांदा दुखतोय, फिरू या का? त्यांचा खांदा कधीच दुखत नव्हता."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी बसस्टॉप म्हणालो तेव्हाही नाही.

"दोष स्वतःवर घेणार, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, म्हणजे मी..." मी काहीतरी बडबडायला लागलो.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. तेवढंच.

बसमध्ये कादंबरीचा फोन आला.

"बाबा, पाहिलीस का आईची गुहा?"

"वारा फार होता गं," मी म्हणालो. अगदी सहज तोंडातून गेलं.

"अरेरे. पण बरं झालं फिरलास ते. आई पण तेच करायची."

मी पुढच्या स्टॉपवर उतरलो. बाकावर बसलो आणि तिला परत फोन लावला.