बांधाच्या ओळीतला दगड

मित्रांनो, मी एक जुना सरकारी दगड आहे. इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी उभा आहे. उभे राहण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि आता त्याचाही कंटाळा आला आहे. तरी माझी हकीकत ऐका.

बारामतीजवळच्या खाणीत एका पाथरवटाने मला घडवले. १९३१ साली आम्हा तिघा दगडांना बैलगाडीतून इथे आणले. पुरापासून गाव वाचवण्यासाठी सरकार मातीचा बांध घालणार होते. तो कुठून जायचा, हे दाखवायचे काम आमचे. माझे दोन भाऊ गावाच्या दोन टोकांना रोवले. मला मात्र मोजणीला आलेल्या साहेबाने पुढे, थेट नदीच्या अंगाला नेले. गाव आणि नदी यांच्या मध्ये धनगरांची अकरा झोपड्यांची वस्ती होती. तीही बांधाच्या आत यावी, असा साहेबाचा विचार होता. भला माणूस होता. पण हे त्याने आपल्या वहीत लिहिले, वस्तीवर कुणाला सांगितले नाही.

मग मंजुरीची वाट पाहणे सुरू झाले. पुण्याचा कागद मुंबईला गेला, मुंबईहून शेरा घेऊन परत आला. साहेबाची बदली झाली. दर उन्हाळ्यात 'यंदा नक्की' अशी बातमी येई आणि पावसाळा लागला की विरून जाई. मी दगड, तरी थकलो.

१९३३ च्या पावसाळ्यात पाणी माझ्या पायापर्यंत चढले आणि तिथूनच ओसरले. वस्तीवरच्या भामाबाईने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी ती शेंदूर आणि नारळ घेऊन आली.

"ह्यानंच पाणी आडवलं. ह्यो म्हसोबा हाय," ती नवऱ्याला, सोनबाला म्हणाली.

"अगं, सरकारनं रवलेला धोंडा हाय त्यो," सोनबा म्हणाला.

"रवला आसंल सरकारनं. देव त्यात आपल्या पायानं आला."

मी काही अडवले नव्हते. पण रोवल्यापासून माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिले नव्हते. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

भामाबाईचा माझ्यावर जीव जडला. पुढच्या साली नदी फुगू लागली तशी ती म्हणाली, "देवाच्या पायाला गढूळ पाणी लागतंय. बरं दिसत न्हाय." चार गड्यांनी पहारी लावून मला उपटले आणि वाजतगाजत वस्तीच्या मागच्या, गावाकडच्या उंचवट्यावर नेऊन बसवले. त्यांचे ढोल घुमत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाबांनो, मला जागचा हलवू नका. दगडाचे कोण ऐकणार?

१९३६ साली पैसा मंजूर झाला, तोही मागितल्याच्या निम्मा. नवा ओव्हरसियर आला. त्याने दोरी लावली. आम्ही तिघे आता जवळजवळ सरळ ओळीत होतो. बांध पुष्कळ आखूड होत होता आणि हाती असलेल्या पैशांत बसत होता. तरी त्याला शंका आली.

"हा दगड पहिल्यापासून इथंच आहे का?"

सोनबाने भामाबाईकडे पाहिले. सरकारी दगड हलवला असे कळले तर दंड होईल, आणि उद्या देवच उचलून नेला तर? भामाबाई पदर सावरून पुढे झाली. "व्हय सायेब. रवला तवापासनं हितंच हाय. आमी निस्ता शेंदूर लावतो."

खोटे बोलायची तिला सवय नव्हती. ओव्हरसियरच्या गाडीत जुना नकाशा होता. तो उघडायला फार वेळ लागला नसता. त्याने उघडला नाही.

बांध माझ्या पाठीला लागूनच उभा राहिला. त्याच्यासाठी वस्तीवरच्या बायकांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, भामाबाईनेही वाहिल्या. पाण्याची भीती आता गेली, असेच तिला वाटत होते.

पुढच्याच पावसाळ्यात मोठा पूर आला. बांध टिकला. गाव कोरडे राहिले. अडलेले पाणी मात्र वस्तीवर चढत गेले. माणसे बांधावर चढली म्हणून वाचली. झोपड्या आणि बहुतेक मेंढरे डोळ्यांदेखत गेली. ते सारे मी पाहिले, आणि त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते.

ओव्हरसियर पाहणीला आला. भामाबाईने विचारले, "सायेब, आमाला कसा न्हाय घेतला बांधात?"

"वस्ती ओळीच्या बाहेर येते, बाई. ओळ या दगडावरून ठरली."

तिने मागे वळून माझी नदीकाठची जुनी जागा पाहिली. मग सोनबाला म्हणाली, "आवं, आपुनच आपलं घर भाईर काढलं."

वस्तीवरच्या गड्यांनी मला पुन्हा उपटून नदीकाठी पहिल्या जागी रोवले. भामाबाईने विळ्याने शेंदूर खरवडला, खालचा सरकारी आकडा नीट दिसावा म्हणून. आज त्याला दोन वर्षे झाली. माझ्यामागे सात झोपड्या पुन्हा उभ्या राहिल्या आहेत, पण बांध आहे तिथेच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोजणीला गेलात, तर दगड रोवून तसेच परतू नका. जवळच्या झोपडीत जाऊन तो कशासाठी आहे, ते सांगा. आणि तुमच्या दारात कुणी दगड रोवला, तर न भिता विचारा.

पाऊस जवळ आला की भामाबाई माझ्यापाशी येते. आता ती हात जोडत नाही. साहेबाची गाडी ज्या रस्त्याने येते, त्या रस्त्याकडे बघत उभी राहते.