आयव्ही मावशीचं गाणं आणि ‘टू पाइंट्स’

पेपरात छापून आलं होतं की ‘टू पाइंट्स’ ही गाणाऱ्यांची जोडी माझ्या पबात जन्माला आली. थापा. माझ्या पबात ती फुकटात प्याली, एवढंच खरं.

पब लंडनच्या बर्मंडसीत, गोदीच्या मागल्या गल्लीत, नाव ‘सेलमेकर्स’. रविवारी दुपारी बायका घरी मांस भट्टीत सरकवून यायच्या, नवरे आधीच आलेले असायचे, आणि पियानो सुरू व्हायचा. आमच्याकडे एक रीत होती. ज्याचं गाणं त्याचं. मासेवाल्या बर्टचं खलाशाचं गाणं, तर ते बर्टनंच म्हणायचं, बाकीच्यांनी फक्त धृपद धरायचं. माणूस गेला की गाणं त्याच्या पोरांकडे, भिंतीवरचं घड्याळ जातं तसं. दुसऱ्याचं गाणं उचलणं म्हणजे त्याच्या ताटातला बटाटा उचलणं.

आयव्ही ट्रॉड, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, तिचं गाणं तिच्या आईचं. आई लोणच्याच्या कारखान्यात कांदे सोलायची. गाण्यात एक पोरगी कोळशाच्या गाडीत बसून लग्नाला निघते, पांढरा झगा काळा होत जातो, गल्ली खदाखदा हसते. तीन कडवी अशी हसण्याची. चौथ्यात ती चर्चशी पोचते आणि नवरा आलेलाच नसतो. ते कडवं मावशी इतकं सावकाश म्हणायची की मी बिअर ओतायचं थांबवायचो. तिचा नवरा एर्नी गोदीत क्रेनवर होता. तो दर रविवारी नव्यानं ऐकतोय असा तोंड उघडं टाकून बसायचा.

पियानोवर क्लेम पॉकेट. आमच्याच गल्लीतला, बोटं सोन्याची, बाकी सगळा आळस. एक दिवस तो रेज सॅलो म्हणून एका गिटारवाल्याला घेऊन आला. रेज लांबच्या बागाबगीच्यांच्या वस्तीतला, बाप दातांचा डॉक्टर. आठवड्याभरात तो आमच्यापेक्षा जास्त आमच्यासारखं बोलायला लागला. मग दोघांनी चपट्या टोप्या घातल्या, गळ्यात लाल रुमाल बांधले आणि जोडीचं नाव ठेवलं ‘टू पाइंट्स’, म्हणजे बिअरचे दोन पेले. आमच्या गल्लीत असा रुमाल बांधलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. बांधला असता तर गोदीवर त्याला त्याच रुमालानं टांगला असता.

आणि त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली ती आयव्ही मावशीच्या गाण्याची. दुप्पट पळवलेलं. मध्ये मध्ये ‘ओय ओय’. चौथं कडवं गायब, कारण नाचताना रडू येऊन चालत नाही. देशभर वाजलं. टीव्हीवाल्यांनी त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा पब उभारला, रिकामी पिंपं, भाड्यानं आणलेली गिऱ्हाइकं. ज्या बिअरच्या जाहिरातीत क्लेम नाचला, ती माझ्याकडे मिळायची तेव्हा तो म्हणायचा, हिच्यापेक्षा नदीचं पाणी बरं.

मावशी पुढच्या रविवारी गायला उभी राहिली, तर मागच्या तरण्या पोरांनी ‘ओय ओय’ करून भराभर टाळ्या पिटायला सुरुवात केली. कोणी तरी ओरडलं, म्हातारी टू पाइंट्सचं गाणं गातेय. दुसऱ्या कडव्यात ती थांबली, खाली बसली आणि हातमोजे चढवले. त्यानंतर गायलीच नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, त्या गाण्याला आता त्यांचा वास येतो.

एर्नीची छाती बिघडली. हॉस्पिटलात त्यानं तिला सांगितलं, मला पुरून आल्यावर तू ते गाणं म्हणायचं, चारही कडवी, सेलमेकर्समध्ये. बायको टाळेल म्हणून त्यानं मलाही बोलावून साक्षीला उभं केलं. तिनं नुसतं त्याचं पांघरूण सारखं केलं.

एर्नीला पुरून आलो त्या दुपारी मी पबचं दार लावून पडदे ओढले. दुपारच्या त्या तासांना पब बंद ठेवायचा कायदा होता, पण गल्लीचा पोलीस टिब्स आतच बसून हॅमचं सँडविच खात होता. बर्टनं जेलीतली वाम मासळी आणि व्हिनेगरमधल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणल्या होत्या. एकेकानं आपापलं गाणं म्हटलं. मावशीकडे बघायचं सगळे टाळत होते. तिच्या हातात पोर्ट वाइनचा पेला, जसा दिला तसाच.

तेवढ्यात दार वाजलं. टू पाइंट्स. बरोबर फुलांचं चक्र, तेही बिअरच्या पेल्याच्या आकाराचं. रेजनं आज रुमाल काळा बांधला होता.

क्लेमनं मावशीचा गाल चुंबला. रेजनं मोठ्यानं जाहीर केलं की हे आपल्या लाडक्या एर्नीकाकांसाठी. क्लेम पियानोवर बसला आणि त्यानं सुरू केलं तिचंच गाणं. रेजचं सोडा, त्याला काय कळतंय. पण क्लेम इथला! गावोगाव वाजवून वाजवून त्या गाढवाला ते आपलंच वाटायला लागलं होतं.

पहिलं कडवं झालं, धृपद आलं. रेजनं आमच्याकडे दोन्ही हात पसरले. कोणी तोंड उघडलं नाही. भरल्या पबात दोनच माणसं धृपद म्हणताना कधी ऐकलीत? असल्या गाण्यातनं माणसं काढली की उरतं ते दोन टोप्यांचं बोंबलणं. दुसऱ्या धृपदाला रेज ओरडला, ऐकू येत नाही, जोरात. बर्ट टाचणीनं तिसऱ्या उचलून खात राहिला. क्लेमची बोटं जड झाली, मग थांबली.

“झालं का रे?” मावशीनं विचारलं.

“मावशी, तुझ्यासाठीच म्हणत होतो.”

“मला येतं ते. झाकण लाव.”

त्यानं पियानोचं झाकण लावलं. ती उभी राहिली आणि नुसत्या गळ्यावर गायली. आवाज चिरका झाला होता, पण चाल तिची होती, बैलगाडीसारखी. धृपदाला छत हललं. चौथ्या कडव्याला टिब्सनं हेल्मेट मांडीवर घेतलं.

गाऊन झालं की पुढचा कोण ते गाणाऱ्यानं सांगायचं. मावशीनं पोर्ट एका घोटात संपवली.

“क्लेम, आता तुझं.”

रेजनंच घाईनं एक सुरू केलं. बर्ट म्हणाला, ते माझं. रेजनं दुसरं धरलं. मी म्हटलं, ते माझ्या सासूचं आहे, ती वर झोपलीय, उठवू का? रेज तावातावानं बोलला की गाणी सगळ्यांची असतात, लोकांची असतात. टिब्स म्हणाला, लोक इथेच बसलेत, विचार त्यांना. रेज टोपी उचलून गाडीत जाऊन बसला.

क्लेम उभाच.

“तुझ्या बापाचं कबुतराचं गाणं आता तुझंच की,” मावशी म्हणाली, अगदी मायेनं. “तेच म्हण.”

क्लेमनं घसा साफ केला. पहिली ओळ म्हटली. बरी म्हटली. मग परत पहिलीच म्हटली. मग छताकडे बघितलं, तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

पुढचं आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण ते म्हणायचा हक्क त्याचा एकट्याचा. मावशी बर्टकडे वळून म्हणाली, अजून थोड्या तिसऱ्या दे. भूक लागली आता.