पांढऱ्या वस्त्राची घडी

पहाट उगवली ती रक्तवर्णी. निष्पर्ण, निर्जल, निःशब्द वाळवंटावर अरुणाची पहिली रेघ उमटली आणि हजारो तंबूंची मळकट शिखरं क्षणभर सुवर्णाची झाली. क्षणभरच. मग ऊन चढलं आणि तंबू पुन्हा तंबू झाले.

तीस वर्षं ही निर्वासितांची छावणी तात्पुरती होती. तात्पुरत्या तंबूत जन्मलेल्या मुली तात्पुरत्या तंबूतच आया झाल्या होत्या. पाणी टँकरनं यायचं, पीठ ट्रकनं यायचं, आणि पीठ धाडणारे पाहुणे वर्षातून एकदा पांढऱ्या गाड्यांतून यायचे. रडणाऱ्या बायका त्यांना जगभर भेटत. इथल्या बायका हसत, ताठ मानेनं बोलत, म्हणून ही छावणी त्यांची लाडकी होती. त्या हसण्यावर पीठ टिकून होतं.

आणि त्या हसण्याचं नाव होतं सलका.

मागच्या वर्षी कुणीतरी तिची तसबीर टिपली होती. लाल वस्त्र, वाऱ्यावर उधळलेला पदर, आणि पदराहून उधळलेलं हसू. दूरदूरच्या शहरांत ती तसबीर भिंतीभिंतींवर लागली म्हणे. त्या तसबिरीत पुरुष कुठेच नव्हता. पाहुणे यायचे तेव्हा पुरुषांनी टेकडीआड जाऊन बसायचं, असा रिवाजच पडून गेला होता. सलकाचा नवरा हम्दीही जायचा, खोकत खोकत. जाताना थट्टेनं म्हणायचा, "हसून झालं की हाक मार हं."

त्या रक्तवर्णी पहाटे हम्दीचा खोकला थांबला. कायमचा थांबला.

नवरा गेला की बाईनं पांढरं नेसावं, चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये, ही तिथली इद्दत. बाहेरून पाहणाऱ्याला तो तुरुंग वाटेल. सलकाला तो निवारा वाटला. तीस वर्षांच्या उघड्यावरच्या जगण्यात निदान दुःखाला तरी एक बंद दार मिळेल, त्या दाराआड आपण पोटभर रडू, एवढंच तिला हवं होतं. तिनं पेटी उघडली, शुभ्र वस्त्र उलगडलं.

तेवढ्यात मुबारका आली. महिला समितीची ती म्हातारी प्रमुख, अर्ध्या छावणीची खाला, मावशी. तिनं सलकाला पोटाशी धरलं आणि दोघी मुकाट रडल्या. मग मुबारकानं डोळे पुसले.

"सलका, पोरी, पाहुणे निघालेत तिकडून."

"खाला, तो अजून आत आहे गं."

"ठाऊक आहे मला. पण यंदा पीठ निम्म्यावर आणायचं चाललंय त्यांचं. आल्या आल्या तुलाच विचारतील. आजच्या दिवस लाल नेस. उद्यापासून बस तू इद्दतीला, मी तुझ्या दाराशी पहारा करीन."

आत, मृताच्या उशाशी, हम्दीची आंधळी आई अझीझा बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सलकानं पांढऱ्या वस्त्राची पुन्हा घडी घातली.

माध्यान्ह. तापलेलं तांबूस आकाश, तापलेली तांबूस वाळू, आणि मध्ये रंगांची ओळ: हळदी, हिरवी, निळी, आणि सर्वांपुढे लाल. सलका उंचावरून चहाची धार सोडत होती. पेल्यात फेस चढत होता. पाहुण्यांच्या खांद्यांवरून तिला दूरची टेकडी दिसत होती, आणि टेकडीच्या कडेनं सरकणारी माणसांची बारीक रांग, त्यांच्या खांद्यावर एक जनाजा. मेल्यावरसुद्धा हम्दी टेकडीआडच निघाला होता.

धार हलली नाही. एक थेंब सांडला नाही.

"आणखी एकदा हसा म्हणतात," दुभाष्या म्हणाला.

सलका आणखी एकदा हसली.

पीठ वाचलं. पण मुबारकाचा 'उद्या' उगवला नाही. त्या दिवशी टिपलेली नवी तसबीर जुनीपेक्षा जास्त गाजली आणि पांढऱ्या गाड्यांची रीघ लागली. कधी आठवड्यानं, कधी चार दिवसांनी. "एवढे जाऊ देत, मग बस," मुबारका म्हणायची, आणि म्हणताना तिला सलकाच्या डोळ्यांत बघवत नसे. सलका नेसायची, हसायची, चहा ओतायची. रडायला म्हणून ती कितीदा बसली, पण रडू येईना. ओठ आपोआप हसण्याच्या जागी जाऊन बसत. त्या ओठांची तिला भीती वाटू लागली.

दर सकाळी अझीझा विचारी, "पांढरंच नेसलीस ना गं?"

"हो, अम्मा."

ज्या दिवशी ते चार महिने दहा दिवस पुरे व्हायचे, त्या सकाळी समितीनं नवं वस्त्र धाडलं. लालभडक, जरीच्या काठाचं, हात लावला तर रंग हाताला येईल असं कोरं. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजले. सलका उठली, आणि जाता जाता म्हाताऱ्या हातांनी तिचा पदर धरला.

"पांढरंच ना?"

"हो, अम्मा."

अझीझाची बोटं पदरावरून सावकाश फिरली. काठाशी आली. जरीवर थांबली.

"बरं," म्हातारी म्हणाली. "जा, पोरी. पीठ सरत आलंय. नीट हस."

तिनं पदर सोडला. सलका उन्हात गेली, बाहेर टाळ्या वाजल्या. पेटीत शुभ्र वस्त्राची घडी तशीच होती. आणि तंबूच्या अंधारात आंधळी आई आपले ओले डोळे आपल्याच पांढऱ्या पदरानं पुसत राहिली, पुसत राहिली. तिच्या बोटांचा लाल रंग त्या पांढऱ्यावर उतरत होता, आणि तिला तो दिसत नव्हता.